दारावरचे दोन आकडे

नारायण पेठेतून रोज सकाळी सायकलने खडकीला कामावर जाणारे आम्ही पुष्कळ होतो. मी डीबीडब्ल्यू, म्हणजे डेंजर बिल्डिंग वर्कर, म्हणून लागलो आणि चार्जमन होऊन निवृत्त झालो. पत्र्या मारुतीपाशी अजून कुणी ना कुणी विचारतं, ‘‘काका, दारूगोळ्यात काम करताना भीती नव्हती वाटत?’’ वाटायची. पण त्या भीतीचं काय करायचं हे तिथं नीट ठरवून दिलेलं असतं.

स्फोटकांच्या इमारतीच्या दारावर दोन आकडे रंगवलेले असतात. आत एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं आणि किती किलो स्फोटक, हे ते आकडे सांगतात. चारची मर्यादा असलेल्या खोलीत पाचवा माणूस यायचा असेल, तर आधी एकाने बाहेर पडायचं. येणारा साहेब असला तरी हेच. आत शिरण्यापूर्वी काडेपेटी, लायटर, घड्याळ, अंगठी बाहेर ठेवायची. चप्पल-बूट बदलायचे, कपडे सुती घालायचे आणि तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडायची. पुण्याची कोरडी हवा अंगाला बरी वाटते, पण आमच्या कामाला ती वैरीण. हवेतला ओलावा कमी झाला की ठिणगीची शक्यता वाढते, म्हणून आर्द्रतामापकावर आमचा सतत डोळा असायचा.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, हाय एक्सप्लोझिव्हज फॅक्टरी १९४०ची. तेव्हा आजूबाजूला मोकळं रान होतं. स्फोटकांच्या सुरक्षिततेत अंतराएवढा भरवशाचा दुसरा उपाय नाही. इमारती दूर दूर आणि मध्ये मातीचे उंच बांध. अंतराचा हिशेब स्फोटकाच्या वजनाच्या घनमुळावर चालतो, म्हणजे माल आठपट झाला तर अंतर दुप्पट लागतं. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा दोन हजार यार्डांचा, बांधकामाला बंदी असलेला ‘रेड झोन’ निगडी-तळवड्याच्या लोकांना घराच्या सातबाऱ्यामुळे माहीत आहे. तिथल्या कुटुंबांची अडचण खरी आहे आणि ती सुटायला हवी. पण ती रेघ कुणाच्या तरी जिवासाठी आखलेली आहे, हे मी त्यांना नेहमी सांगतो. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर स्फोटकं आणि कापूस एकत्र भरले होते. ते पेटून फुटलं, आणि त्या दिवशी मुंबईनं काय भोगलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

हे सगळं स्फोटाबद्दल झालं. मला खरं बोलायचंय ते आवाज न करता येणाऱ्या आजारांबद्दल.

टीएनटी कातडीतून शरीरात शिरतं आणि यकृत, रक्त दोन्हीला इजा करतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या कारखान्यांतल्या बायकांची कातडी त्यानं पिवळी पडली होती, काही जणी काविळीनं गेल्या. नायट्रोग्लिसरीन रक्तवाहिन्या रुंदावतं, त्यामुळे डोकं ठणकतं. चार दिवसांत शरीर सरावतं, रविवारच्या सुटीत तो सराव मोडतो आणि सोमवारी डोकेदुखी पुन्हा सुरू. ज्यांचं शरीर फार सरावलं, त्यांच्यापैकी काहींना सुटीच्या दिवशीच हृदयाचा त्रास झाल्याचं वैद्यकात नोंदलेलं आहे. काडतुसांच्या टोप्यांत आणि डिटोनेटरमध्ये शिशाची संयुगं असतात. शिसं फुफ्फुसातून जातं तसं तोंडावाटेही जातं. तळहातावर तंबाखू मळणाऱ्याला मी हात धुवायला पाठवायचो, तेव्हा तो माझ्यावर चिडायचा. पोटात कळा, थकवा, हातातली ताकद कमी होणं ही लक्षणं कुणी कामाशी जोडतच नाही. कपड्यांबरोबर तीच धूळ घरी जाते आणि लहान मुलांना तर शिसं फारच वाईट. म्हणून सुटताना आंघोळ करायची, कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत.

लष्कराच्या कार्यशाळांत स्फोटकं नसली तरी रणगाड्याच्या इंजिनाचा आवाज, वेल्डिंगचा धूर, रंगातली द्रावणं असतात. आठ तासांच्या पाळीत नव्वद डेसिबलची मर्यादा आहे. आवाजानं कान जातो तो हळूहळू. आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचे बारीक स्वर जातात, त्यामुळे माणसाला कळतच नाही. त्याला वाटतं, समोरचाच पुटपुटतोय.

आमच्या नोकरीच्या काळात लागू असलेल्या १९४८च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत शिशाची विषबाधा, विषारी पदार्थांनी होणारी कावीळ, आवाजानं येणारा बहिरेपणा हे सगळे आजार होते आणि ते आढळल्यावर डॉक्टरांनी सरकारला कळवायचं असतं. स्फोट झाला की चौकशी बसते, आणि बसायलाच हवी. २४ जानेवारी २०२५ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या कारखान्यात आठ जण गेले, ते साऱ्या महाराष्ट्रानं वाचलं. पण रक्तातलं शिसं वाढलं म्हणून कधी चौकशी बसल्याचं तुम्ही वाचलंत का? दारावरच्या त्या दोन आकड्यांइतक्याच कडकपणे रक्ताचे आणि कानांचे आकडे सांभाळले गेले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

पुलगावचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ३१ मे २०१६ला मध्यरात्रीनंतर तिथल्या मध्यवर्ती दारूगोळा भांडाराला आग लागली, तेव्हा ती विझवायला धावलेले दोन अधिकारी आणि अग्निशमनाची माणसं गेली. पुढं २० नोव्हेंबर २०१८ला, त्याच पुलगावला, जुना दारूगोळा नष्ट करताना सहा जण मेले. त्यांतले बहुतेक आसपासच्या खेड्यांतले रोजंदारीचे मजूर होते. दारूगोळा सगळ्यात धोक्याचा असतो तो जुना झाल्यावर, आणि तो उचलायला बहुतेकदा सगळ्यात कमी शिकवलेला माणूस लावला जातो. आजारांचंही तसंच. कायम कामगाराची आरोग्य-नोंद निवृत्तीपर्यंत एका कागदावर राहते. कंत्राटदार बदलला की मजुराची नोंद तुटते, मग पाच वर्षांपूर्वी तो काय हाताळत होता ते कुणालाच सांगता येत नाही. ही नोंद मजुराच्या स्वतःच्या हातात असावी आणि कामाला लावण्यापूर्वी पहिली तपासणी व्हावी, एवढं तरी कंत्राटात लिहून घ्यायला काय हरकत आहे?

आमच्या पेठेत, खडकीत, दापोडीत माझ्यासारखे निवृत्त पुष्कळ आहेत. त्यांना आणि त्यांच्या मुलांना माझी विनंती आहे. डॉक्टरकडे जाल तेव्हा ‘सरकारी नोकरी होती’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या विभागात होतात, काय हाताळलंत, किती वर्षं, हे सांगा, आणि एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची तपासणी, करून घ्या.