सायकलच्या मागचा लाल दिवा

कर्जत तालुक्यातील कळंबसारख्या गावात दिवेलागण झाली की तास-दीड तासात दुकाने वाढवण्याची लगबग सुरू होते. दिवसभर गोणी उचलणारी, माप घालणारी, पुड्या बांधणारी माणसे आपापल्या वाडीची वाट धरतात. अनेकांकडे आता मोटारसायकल आली आहे. ज्यांच्याकडे नाही ते सायकलवर निघतात. रस्ता नेरळकडचा असो, कर्जतचा असो किंवा मुरबाडचा. वस्ती सरली की उजेडही सरतो. दोन्ही अंगांना भातखाचरे आणि झाडी. त्यातच शुक्रवार-शनिवारी रात्री मुंबईहून फार्महाऊसकडे धावणाऱ्या मोटारी. त्यांच्या चालकांना ना वळणांची ओळख, ना रस्त्याच्या कडेने कोणी सायकल हाकत असेल याची कल्पना.

अशा सायकलस्वाराला दिव्याविषयी विचारले तर उत्तर ठरलेले असते: वाट पायाखालची आहे, दिवा कशाला? त्याच्यापुरते ते खरेही आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना चांदण्यात रस्ता पुरेसा दिसतो, आणि खड्डे तर पाठच असतात. परंतु मागून येणाऱ्याला तो दिसत नाही, ही गोष्ट त्याच्या लक्षात येत नाही, कारण स्वतःला मागून पाहण्याची सोय कोणालाच नसते.

हिशेब साधा आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळपास 17 मीटर अंतर कापते. समोर काही आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड-दोन सेकंद सहज जातात, म्हणजे सुमारे 30 मीटर रस्ता नुसत्या विचारात संपतो. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. आषाढातल्या ओल्या रस्त्यावर त्याहून कितीतरी अधिक. गडद कपड्यांतला सायकलस्वार मोटारीच्या खालच्या झोतात पुष्कळदा याहून कमी अंतरावर नजरेस पडतो. समोरून दुसऱ्या गाडीचा प्रखर झोत डोळ्यांवर आला तर तेवढाही नाही. मागचा छोटा लाल दिवा मात्र सरळ रस्त्यावर शेकडो मीटरवरून दिसतो. पुढच्या पांढऱ्या दिव्याने स्वाराला खड्डा दिसतो, मागच्या लाल दिव्याने स्वार इतरांना दिसतो. दोहोंपैकी एकच घेण्याची ऐपत असेल, तर अशा रस्त्यांवर आधी मागचा घ्यावा.

साठी ओलांडलेल्या वाचकांना वेगळा काळ आठवेल. बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट हे तेव्हा पोलिसांनी हमखास अडवण्याचे दोन गुन्हे होते. आधी राकेलचा दिवा, नंतर डायनॅमो. टायरला घासून फिरणाऱ्या त्या बाटलीवजा यंत्राने पाय जड होत आणि सायकल थांबली की दिवा विझे, तरीही तो असे. पुढे मोटारसायकली वाढल्या, पोलिसांचे लक्ष परवान्याकडे आणि हेल्मेटकडे वळले, आणि सायकलचा दिवा कोणीही बंदी न घालता नाहीसा झाला. आज साधी सायकल दुकानातून निघते ती बहुधा दिव्याविनाच.

परावर्तक म्हणजे रिफ्लेक्टर मात्र असतात. त्यांच्या दर्जासाठी केंद्र सरकारने 2020 मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेशही काढला. सायकलचे सुटे भाग विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी प्रमाणित मालच ठेवावा हे ओघाने आलेच. पण परावर्तकाला स्वतःचा उजेड नाही. दुसऱ्याचा झोत नेमका पडला तरच तो चमकतो, आणि पावसाळ्यात चिखलाने माखला की तेही नाही.

दिव्याचा खरोखर किती उपयोग होतो, याची पद्धतशीर पाहणी डेन्मार्कमधील ओडेन्स शहरात 2004-05 मध्ये झाली. 3,845 सायकलस्वारांचे दोन गट करून एका गटाच्या सायकलींना चुंबकावर चालणारे, रात्रंदिवस लागणारे दिवे बसवले. वर्षभरात त्या गटात इजा होणारे अपघात 19 टक्क्यांनी कमी नोंदले गेले. तिथले रस्ते आणि तिथली शिस्त वेगळी, म्हणून तो आकडा जसाच्या तसा कर्जतला लावता येणार नाही. पण जिथे रस्त्यावर उजेड नाही आणि सायकलला वेगळी वाट नाही, तिथे दिव्याची गरज अधिकच आहे.

व्यापारी कुटुंबांशी या विषयाचा संबंध थेट आहे. शेठजी चौविहारासाठी सूर्यास्तापूर्वी घरी जाऊन येतात. दुकानातला माणूस मात्र शटर ओढेपर्यंत तिथेच असतो. तो अंधारात घरी जातो, कारण दुकान अंधार पडल्यावर वाढते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात असाच संबंध ग्राह्य धरला. साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून जात असताना 2003 मध्ये वाटेतच अपघातात मरण पावला होता. घर आणि कामाची जागा यांच्यामधील अपघाताचा काळ, स्थळ व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाला, तर तो नोकरीच्या ओघातील अपघात मानता येतो, असे न्यायालयाने म्हटले. निकाल लागेपर्यंत त्या कुटुंबाची बावीस वर्षे गेली होती. प्रत्येक लहान दुकानाला हा कायदा लागू होतोच असे नाही. पण कायदा लागू नसला म्हणून पेढीवरच्या माणसाची जबाबदारी संपते, असे कोणतीही जुनी पेढी मानणार नाही.

पहाटेच्या विहारात साधू-साध्वींसोबत चालणारे श्रावक आज चमकणारी जाकिटे घालतात, हाती विजेरी ठेवतात. महामार्गांवरील अपघातांनी हा धडा समाजाला फार महागात शिकवला. तीच दृष्टी दुकानातून सायकलवर निघणाऱ्या माणसासाठी वापरायला नवे काही शिकावे लागत नाही. दिवाळीला मिठाईचा पुडा आणि बोनस दिला जातोच. सोबत दिव्यांची एक जोडी दिली तर वहीत ती रक्कम शोधावी लागेल इतकी लहान असते. त्याच वेळी त्याचे बँक खाते पाहून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्जही भरून घ्यावा. 18 ते 70 वयाच्या खातेदाराला वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. हप्ता दरवर्षी मेअखेरीस खात्यातून वळता होतो. त्या दिवशी खात्यात वीस रुपये नसल्याने संरक्षण खंडित होणे, ही दुर्दैवाने नेहमीची गोष्ट आहे. तेवढी आठवण मालकाने ठेवावी.

दिवा घेताना तो पावसात टिकणारा आहे ना, हे पाहावे. मागचा दिवा सीटखाली बांधला तर कॅरिअरवरच्या गोणीने झाकला जातो. तो कॅरिअरच्या टोकाला किंवा मडगार्डवर बसवावा. पुढच्या दिव्याचे तोंड किंचित खाली असावे, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. चार्जिंगचे दिवे स्वस्त पडतात, पण वाडीवर वीज गेली की ते तसेच राहतात आणि आठवड्याभरात वापरातून जातात. त्यावर उपाय दुकानातच आहे. सकाळी माणूस आला की दिवा काढून गल्ल्याजवळच्या स्विचबोर्डला लावावा, आणि संध्याकाळी कुलपे लावताना त्याच्या हाती द्यावा.