कॅमेरा कुठे उभा होता?

वाईजवळच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा घाट लाखो लोकांनी तिथे न जाताच पाहिला आहे. आशुतोष गोवारीकरांच्या २००४ सालच्या ‘स्वदेस’मध्ये तो दिसतो. त्यातलं घाटाचं एखादं दृश्य थांबवा आणि विचारा, हे टिपताना कॅमेरा नेमका कुठे होता, किती उंचीवर होता, त्याचा रोख कुणीकडे होता? गंमत अशी, की याचं उत्तर त्या दृश्यातच असतं. पायऱ्यांचे दोन-तीन कोपरे, देवळाचा कळस अशा ठळक जागांची घाटावर जाऊन मोजमापं घ्या, त्याच जागा चित्रात कुठे उमटल्या ते पाहा. कॅमेऱ्याच्या भिंगाचा हिशेब माहीत असला, की बाकीचं काम भूमिती करते.

हे कसं जमतं? कॅमेऱ्याची स्थिती सहा आकड्यांत मावते. तीन आकडे त्याच्या जागेचे, तीन त्याच्या कलण्या-वळण्याचे. चित्रातला प्रत्येक ओळखीचा बिंदू आपल्याला दोन आकडे देतो, एक आडवा आणि एक उभा. म्हणजे तीन बिंदूंत सहा आकडे हाती येतात. मात्र तीनच बिंदू असले तर कॅमेऱ्याच्या चारपर्यंत वेगवेगळ्या जागा त्या चित्राशी जुळू शकतात. चौथा बिंदू त्यांतली खरी जागा निवडून देतो. योहान ऑगस्ट ग्रुनर्ट या जर्मन गणितज्ञानं तीन बिंदूंच्या या कोड्याची उकल १८४१ मध्ये मांडली. छायाचित्रण जगासमोर येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती!

आता घाटाच्या जागी रोबोचा हात आणू. चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यात माणसांच्या शेजारी काम करणारे रोबो हात २०१० पासून आहेत. अशा हाताच्या प्रत्येक सांध्यात कोन मोजणारं साधन, म्हणजे एन्कोडर बसवलेला असतो. त्यामुळे आपली बोटं आपल्या बैठकीपासून कुठे आहेत, हे हाताला डोळे मिटूनही कळतं. पण समोरचा बोल्ट कुठे पडला आहे, ते कॅमेऱ्याला दिसतं, आणि कॅमेरा सगळं स्वतःपासून मोजतो. कॅमेरा रोबोपासून कुठे आहे हे नक्की ठाऊक नसेल, तर एकाचं मोजमाप दुसऱ्याच्या कामाचं नाही. ते नक्की असावं लागतं म्हणजे किती? कॅमेऱ्याच्या रोखात फक्त १ अंशाची चूक झाली, तर १ मीटरवरची वस्तू सुमारे १७ मिलिमीटर बाजूला आहे असं वाटतं. बोल्ट हुकायला तेवढं पुरेसं आहे.

रॉजर त्साय आणि राइमार लेन्झ यांनी १९८९ मध्ये यावर जी पद्धत मांडली, तिच्या वाटेनं कारखाने आजही जातात. हात निरनिराळ्या स्थितींत न्यायचा, दरवेळी ठरावीक नक्षीचा पट टिपायचा आणि सगळ्या चित्रांतून मिळून समीकरण सोडवायचं. पद्धत भरवशाची आहे. पण कुणाचा धक्का लागून कॅमेरा जरा सरकला, की सगळा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून.

२०२० मध्ये एनव्हिडिया कंपनी आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘ड्रीम’ नावाची पद्धत मांडली. तिला नक्षीचा पट लागत नाही, कारण मापायची पट्टी म्हणून रोबोचा हातच वापरला जातो. त्याचे सांधे म्हणजे आपले पायऱ्यांचे कोपरे. ते क्षणाक्षणाला हलतात, पण एन्कोडरमुळे त्यांची खरी जागा कायम माहीत असते. उरतं एकच काम: ते सांधे चित्रात कुठे आहेत ते ओळखणं. हे काम न्यूरल नेटवर्क करतं. प्रत्येक सांध्यासाठी ते एक नकाशा काढतं, आणि सांधा जिथे असावा असं त्याला वाटतं, तिथे त्या नकाशात उजळ ठिपका उमटतो. पुढची सूत्रं ग्रुनर्टच्या वंशातली. हात नीट दिसत असेल, तर एका छायाचित्रातून कॅमेऱ्याची जागा मिळते!

याहून थक्क करणारी गोष्ट नेटवर्कच्या शिकवणीत आहे. शिकताना त्यानं खऱ्या रोबोचा एकही फोटो पाहिलेला नव्हता. संगणकानं रोबोची ढीगभर चित्रं रंगवली. प्रत्येक सांधा संगणकानंच मांडलेला, म्हणून बरोबर उत्तरंही आयती तयार; कुणा माणसाला फोटोंवर खुणा करत बसावं लागलं नाही. प्रकाश, रंग, पार्श्वभूमी मुद्दाम वाटेल तशी बदलली. इतकं वैविध्य पाहिल्यावर खरी प्रयोगशाळा नेटवर्कला परकी वाटली नाही. २०२१ मध्ये ‘रोबोपोझ’ ही पद्धत आणखी पुढे गेली. सांध्यांचे कोन ठाऊक नसले तरी ती अंदाजानं रोबोचं चित्र काढते, खऱ्या फोटोशी ताडून पाहते आणि अंदाज सुधारत जाते.

अर्थात भूमितीला फसवता येत नाही. हात सरळ ताठ असेल आणि सगळे सांधे एका रेषेत आले, तर त्या रेषेभोवती कॅमेरा कुठेही असला तरी सांधे चित्रात सारखेच उमटतील. अशा वेळी कोपर वाकवून दुसरं चित्र घ्यावं लागतं. सांधे झाकले गेले तरीही अडचण येते.

या संशोधनाचं मोल मला कारखान्यापेक्षा शेतात जास्त वाटतं. वाई-महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांतून फळं खुडणारं यंत्र फिरवायचं, तर ते पावलोपावली हादरणार, त्यावरचा कॅमेरा केसभर का होईना सरकणार. दर धक्क्यानंतर नक्षीचा पट घेऊन कोण बसणार? पण हाताचे निदान चार सांधे पानांबाहेर दिसत राहिले, तर यंत्र काम न थांबवता कॅमेऱ्याची जागा पुन्हा पुन्हा पडताळू शकेल, आणि इतकं नाजूक फळ न चिरडता देठाशी धरू शकेल.