दोन सॉकेटांचं कार्ड

आकाशी, गुलाबी, पांढरा, काळा. सीजीए कार्डाचं नाव काढलं की जुन्या खेळाडूंना हे चार रंग आठवतात आणि तोंड वाकडं होतं. ही बदनामी मला अर्धवट माहितीवरची वाटते.

आयबीएमचा पीसी १९८१ मध्ये आला तेव्हा रंग हवे असतील तर हे कार्ड बसवावं लागे. त्यावरची मेमरी अवघी १६ किलोबाइट. ३२० बाय २०० ठिपक्यांच्या चित्रात एका ठिपक्याच्या वाट्याला दोनच बिट येत, म्हणून रंग चार. पण कार्डाच्या पाठीवर सॉकेटं दोन होती: नऊ पिनांचं रंगीत मॉनिटरसाठी आणि एक गोल, कंपोझिट पडद्यासाठी. आयबीएमचा स्वतःचा रंगीत मॉनिटर उगवला १९८३ मध्ये. तोवर गोल सॉकेटाचाच आधार.

खरी गंमत त्यातच होती. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत उजेड आणि रंग एकाच तारेतून जातात, रंग ३.५८ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसून येतो. कार्डाचा ६४० ठिपक्यांचा काळा-पांढरा मोड बरोबर चौपट वेगाने ठिपके सोडी. म्हणजे एका लहरीत चार ठिपके. ते पेटवण्या-विझवण्याच्या तऱ्हा सोळा, आणि पडदा बिचारा प्रत्येक तऱ्हेला रंगच समजे! दोन करडे तेवढे सारखे दिसत. पडद्याची ही फसगत ॲपल टू बनवताना स्टीव्ह वॉझनियॅकने १९७७ मध्येच कामाला लावली होती.

सिएरा कंपनीच्या १९८४ च्या 'किंग्ज क्वेस्ट' या खेळातली चित्रं रुंदीला १६० ठिपक्यांचीच. ६४० भागिले चार, माप तंतोतंत. तेच बाइट नऊ पिनांतून गेले तर मात्र काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा. त्यामुळे कित्येक खेळ आधी विचारत: मॉनिटर कोणता? आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर ही जादू चालणारच नव्हती.

ज्यांच्याकडे रंगच नव्हते, त्यांची गोष्ट वेगळी. व्हॅन सुवन्नुकुल यांना आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. सीजीएचे ठिपके जाडेभरडे, आयबीएमच्या मोनोक्रोम कार्डावरची अक्षरं ठरलेली. म्हणून १९८२ मध्ये त्यांनी हर्क्युलिस कार्ड बनवलं: ७२० बाय ३४८, एकरंगी, रेखीव. देवनागरी वाचणाऱ्याला ही अडचण समजावून सांगायला नको.

खेळांना मात्र ते अडचणीचं. ३२० ची दुप्पट ६४०, ती रुंदीत मावते. २०० ची दुप्पट ४००, ती उंचीत मावत नाही. मग सिमसीजीएसारखे छोटे प्रोग्राम आधी चालवायचे, आणि सीजीएसाठी लिहिलेला खेळ हिरव्या नाहीतर पिवळसर ठिपक्यांत, थोडा चेपलेला, पण खेळता येईल असा समोर यायचा.