रमेश आणि सीमा देव

मराठी बोलपटाच्या दफ्तरात जोडप्यांच्या नोंदी पुष्कळ आहेत. परंतु 1963 साली विवाहबद्ध झालेल्या रमेश व सीमा देव यांचे सहजीवन आणि सहअभिनय इतके एकरूप झाले होते, की प्रेक्षकांना एकाचे नाव घेताच दुसऱ्याचे आठवे. ज्या ‘मोलकरीण’ चित्रपटात आई आपल्या मुलाच्याच घरी अनोळखी होऊन भांडी घासते, तिथे मुलगा व सून म्हणून हे दोघे उभे राहिले, आणि आईच्या भूमिकेतील सुलोचनाबाईंच्या मूक दुःखासमोर त्यांनी आपला अभिनय संयत ठेवला, हे मला विशेष वाटते. ‘आनंद’ (1971) या हिंदी चित्रपटामध्ये डॉक्टर प्रकाश कुलकर्णी आणि सुमन यांच्या छोट्या भूमिकांतून हेच मराठमोळे दांपत्य अखिल भारताच्या परिचयाचे झाले.