घाम गाळायचा नाही

पहाटेचे साडेतीन. हेडटॉर्चच्या उजेडात पुढच्याच्या टाचा आणि त्याच्या बुटांनी बर्फात पाडलेले खड्डे, एवढंच दिसत होतं. तंबूतून निघताना होतं-नव्हतं ते सगळं अंगावर चढवलं होतं. आत थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जाडजूड जॅकेट. अर्ध्या तासात पाठीवरून धारा लागल्या. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट असो की कळसूबाईच्या शिड्या, शर्ट पिळून काढल्याशिवाय आपल्याला ट्रेक झाल्यासारखा वाटतच नाही. तेवढ्यात मागून वाटाड्याचा आवाज आला, "साब, पसीना मत निकालो. जॅकेट उतारो."

पाणी गोठवणाऱ्या थंडीत हा माणूस जॅकेट काढायला सांगतोय! मी हसलो आणि तसाच चालत राहिलो. त्या हसण्याची किंमत तासाभराने धारेवर चुकवावी लागली.

कळसूबाईवर कळसूबाई

आम्ही चढत होतो ते केदारकंठा हे शिखर उत्तराखंडातल्या उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद वन्यजीव अभयारण्याच्या हद्दीत आहे. उंची सुमारे ३,८१० मीटर. हिमालयाच्या हिशेबात हे लिंबूटिंबूच. पण आपली कळसूबाई १,६४६ मीटरची. तिच्या डोक्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली, तरी केदारकंठा पाचशे मीटर वरच उरतो. पायथ्याचं सांक्री गावच १,९५० मीटरवर, म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च बिंदूहून तीनशे मीटर उंच आहे.

डेहराडूनहून सांक्री दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण घाटरस्त्याने दिवस मोडतो. मसुरी मागे पडली की बराच वेळ यमुना सोबत करते. पुरोल्याला लाल तांदळाची खाचरं लागतात. मोरीपासून टोन्स नदी भेटते आणि नैटवाडला तिचा उगमच दिसतो. रूपिन आणि सुपिन या दोन नद्या तिथे एक होतात आणि पुढे टोन्स म्हणून वाहतात. यमुनेला मिळताना या टोन्सचं पाणी यमुनेपेक्षा जास्त असतं, पण नाव मात्र यमुनेचंच चालतं.

सांक्रीत रात्री राजमा आणि मंडुआची रोटी ताटात आली. पहिल्या घासालाच ओळख पटली. मंडुआ म्हणजे आपली नाचणी. कोकणातली भाकरी दोन हजार मीटरवर अशी भेटल्यावर परकेपणा निम्मा तिथेच संपला. उरलेला निम्मा बाजारात संपला. डिसेंबरात इथल्या चहाच्या टपरीवर "अरे, माझी सॅक कुणी घेतली?" हे वाक्य अस्सल पुणेरी सुरात ऐकू येतं.

पाला आणि रवा

हिवाळ्याच्या तोंडावर सांक्रीच्या वरच्या जंगलात देवदार आणि बांज ओकांखाली नुकतं गोठू लागलेलं असतं. हिमालयात हिवाळ्यातला बर्फ पश्चिमी विक्षोभांबरोबर येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेल्या या हवामानप्रणाली इराण, अफगाणिस्तान ओलांडून येतात आणि डोंगरांना धडकून रित्या होतात. त्या कधी येतील आणि किती देतील याचा भरवसा नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात काश्मीरमधलं गुलमर्गसुद्धा कोरडं होतं. म्हणून डिसेंबरातल्या केदारकंठ्यावर एखाद्या वर्षी गुडघाभर बर्फ असतो, तर एखाद्या वर्षी नुसतं पिवळं गवत.

गंमत अशी, की हिवाळ्याच्या तोंडावरचा थोडा बर्फ हा भर हिवाळ्यातल्या जास्त बर्फापेक्षा लबाड असतो. पहिल्या दिवशी वाटाड्या म्हणाला, "आगे पाला है, संभल के." मी झाडांखाली पडलेला पाला शोधू लागलो. पहाडी भाषेत पाला म्हणजे दहिवर गोठून दगडांवर बसलेला काचेसारखा थर. तो डोळ्यांना दिसत नाही, थेट कमरेला कळतो. सावलीतल्या ओढ्याकाठी आणि गावाकडच्या डांबरी वळणांवर तो दुपारपर्यंत टिकतो. अशा ठिकाणी बुटांवर मायक्रोस्पाईक्स, म्हणजे रबरी पट्ट्यात ओवलेले पोलादी काटे चढवायचे.

दुसरी लबाडी बर्फाच्या पोटात चालते. जमीन उन्हाळ्याची ऊब धरून असते, वरची हवा मात्र उणे असते. मध्ये बर्फाचा थर पातळ असला की एवढ्याशा जाडीत तापमानाचा मोठा फरक पडतो. खालची वाफ वर सरकते आणि तळाचे कण एकमेकांना सोडून टोकदार, सुटे होतात. मूठभर हातात घेऊन दाबून पाहिलं. पाक न धरलेल्या रव्यासारखं सगळं बोटांतून ओघळून गेलं. लाडू काही वळेना. या रव्यावर जानेवारीत जड बर्फाचा थर बसतो आणि तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर तो घसरायला टपलेला असतो. हिमप्रपातांची बरीच बीजं अशी डिसेंबरातच पेरली जातात. केदारकंठ्याची नेहमीची वाट जंगलातून आणि रुंद सोंडेवरून जाते म्हणून ती नवख्यांना सोयीची. वाट सोडून शेजारच्या घळीत शिरणाऱ्याला ही सोय लागू नाही.

शंभर टक्के सुती चूक

बेस कॅम्प ३,४३० मीटरवर होता. तिथून वर झाडं संपतात आणि वारा सुरू होतो. आडोशातून धारेवर आलो, दोन मिनिटं थांबलो, आणि मघापासून पाठीवर असलेला तो अभिमानाचा घाम बर्फाच्या पाण्यासारखा गार झाला.

यामागे साधं शास्त्र आहे. एक लिटर घाम अंगावर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ठाण्याच्या उकाड्यात ही देवाची कृपा. पण थंडीत चालणं थांबलं तरी ओला कपडा उष्णता ओढतच राहतो. शिवाय पाणी उष्णता वाहून नेण्यात हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट तरबेज. गरम कपडा स्वतः काही गरम नसतो. त्याच्या धाग्यांत अडकलेली कोरडी हवा आपल्याला ऊब देते. त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की दहा हजारांचं जॅकेटही भिजलेल्या गोधडीच्या लायकीचं होतं. सुती कपडा तर पाणी धरून बसतो. मी थर्मलच्या आत सवयीने सुती बनियन घातलं होतं.

आधी थरथर सुरू झाली. जॅकेटची चेन लावायला गेलो तर बोटं ऐकेनात. "पाणी दे" म्हणायला गेलो आणि तोंडातून भलतंच काहीतरी आलं. बोबडी वळणे हा वाक्प्रचार आपण भीतीसाठी वापरतो. थंडीने ती खरोखर वळते. शरीराच्या गाभ्याचं तापमान पस्तीस अंश सेल्सिअसच्या खाली उतरणं म्हणजे हायपोथर्मिया, आणि त्याची चाहूल अशीच लागते. जीभ जड होते, बोटं बधिरतात, पाय अडखळतात. पुढे थरथर आपोआप थांबते. ते सुधारल्याचं नव्हे, शरीराने हात टेकल्याचं लक्षण.

वाटाड्याने मला धरून एका खडकाच्या आडोशाला नेलं, माझी सॅक उघडली, कोरडं थर्मल काढलं आणि म्हणाला, "सब उतारो. दो मिनट की ठंड है." त्या वाऱ्यात उघड्या अंगाने उभं राहिल्याची दोन मिनिटं मी विसरणार नाही. पण कोरडा कपडा अंगावर आल्यावर पाच मिनिटांत माणसात आलो. त्याने थर्मासमधला गोड चहा पाजला आणि जॅकेट सॅकमध्ये कोंबलं. "चलते वक्त नहीं. रुको तब पहनो."

हेच ते तीन थरांचं गणित. आत घाम बाहेर टाकणारा पातळ थर, मध्ये लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा अडवणारं कवच. पिसांचं जॅकेट थांबण्यासाठी, चालण्यासाठी नव्हे. निघताना थोडी थंडी वाजत असली पाहिजे. वाजत नसेल तर दहा मिनिटांत घाम येणार हे नक्की. घाम फुटण्याआधी चेन उघडायची, टोपी काढायची, आणि तरीही फुटलाच तर वेग कमी करायचा. सह्याद्रीत आपण वेगाने चालतो आणि थांबून विसावा घेतो. इथे थांबावंच लागू नये इतकं हळू चालायचं. चालताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, हे त्याचं माप.

विरळ हवेचे हिशेब

हळू चालण्याचं दुसरं कारण फुप्फुसात आहे. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६३ टक्के असतो. दर श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून कॅम्पवर कुकरशिवाय भात लवकर शिजत नाही. डोकं दुखणं, मळमळ, अन्नावरची वासना उडणं ही विरळ हवेच्या त्रासाची सुरुवात. नियम असा, की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. जुडा का तालाब या तळ्याकाठचा कॅम्प सुमारे २,७७० मीटरवर. तिथून बेस कॅम्पला एकदम ६६० मीटरची उडी बसते. सुट्टी हाताशी असेल तर मध्ये एक मुक्काम वाढवावा. या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. डोकेदुखी वाढत असताना वर जाण्याचं औषध मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. औषध एकच, खाली उतरणं.

बाकीच्या गोष्टी छोट्या, पण त्याच नडतात. थंडीत तहान लागत नाही आणि कोरड्या हवेत प्रत्येक श्वासाबरोबर पाणी जात असतं, म्हणून न लागताही प्यायचं. बाटली सॅकमध्ये उलटी ठेवायची. बर्फ वरून धरतो, त्यामुळे बूच मोकळं राहतं. उद्याचे मोजे आणि मोबाईल रात्री स्लीपिंग बॅगमध्ये उशाला घ्यायचे. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंतचा भाग परत डोळ्यांवर फेकतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही काळा चष्मा सोडायचा नाही. नाकाचा शेंडा किंवा बोटं पांढरी पडून बधिर झाली तर बर्फाने चोळायची नाहीत. आजही कुणी ना कुणी हा सल्ला देतंच. बोटं काखेत धरायची, बस्स.

कंठाशी

शेवटचा चढ अंगावर येतो. पुढच्याने बुटाचं टोक मारून पाडलेल्या पायरीतच पाय द्यायचा, काठी रोवायची, श्वास घ्यायचा, मग दुसरा पाय. पहाटे तीनला निघण्याचं कारण इथे कळतं. रात्रीचा घट्ट बर्फ पायरी धरून ठेवतो. ऊन चढलं की त्याचा चिखल होतो.

सातच्या आसपास माथ्यावर पोचलो. दगडांची रास, तिच्यात रोवलेले त्रिशूळ, वाऱ्याने चिंध्या झालेल्या पताका. सांक्रीत एक गोष्ट सांगतात. केदारनाथ मुळात इथेच व्हायचा होता, पण गाईच्या घंटेने शंकराची समाधी मोडली आणि देव उठून गेला. मूर्ती घडली ती कंठापर्यंतच. समोर स्वर्गारोहिणीच्या कड्यांवर पहिलं ऊन पडलं होतं. पांडव ज्या वाटेने स्वर्गाला निघाले असं मानतात ते हे शिखर, ६,२५२ मीटर. त्याच्या शेजारी ६,३१६ मीटरचं बंदरपूंछ आणि ६,३८७ मीटरचं कालानाग. त्यांच्यापुढे आपण जेमतेम ओट्यावर चढलोय हे ध्यानात आलं.

आमच्यातले दोघे मात्र माथ्यावर नव्हते. एकाला रात्रीपासून उलट्या होत होत्या, दुसरा त्याच्यासोबत बेस कॅम्पवर थांबला. शिखर शंभर मीटरवर असतानाही परत फिरता येणं ही इथली खरी पात्रता. डोंगरातलं हवामान महिना विचारून येत नाही. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्याच सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून आलेल्या ट्रेकरांना वादळाने गाठलं आणि नऊ जणांचा जीव गेला. तेव्हा तर कागदोपत्री उन्हाळा होता. म्हणून ट्रेक ठरवताना जेवणाच्या यादीआधी हे विचारावं, की किती जणांमागे एक वाटाड्या आहे, प्राणवायूचं नळकांडं कोणत्या कॅम्पवर असतं, आणि परत फिरण्याचा निर्णय कोण घेतं.

उतरताना टाच रोवत, गुडघे किंचित वाकवून आलो. बेस कॅम्पवर ओलं बनियन तंबूच्या दोरीवर टाकलं होतं. जेवण करून पाहतो तर ते पापडासारखं ताठ. घडी घालायला गेलो तर मोडेल की काय असं वाटलं. घाम गाळण्याचं जे काही पुण्य मी त्या पहाटे कमावलं होतं, ते दोन बोटांत धरता येत होतं.

सांक्रीत निरोपाच्या सकाळी रस्त्यावर पाला धरला होता. आम्ही गाडीची वाट पाहत, जॅकेटांत गळ्यापर्यंत गुरफटून शेकोटीशी उभे होतो. आमचा वाटाड्या पाठीवर पीठ-तांदळाची गोणी घेऊन वरच्या वाडीत घरी निघाला होता. चढ सुरू होतो तिथे तो थांबला. गोणी दगडावर टेकवली, अंगातला विणलेला स्वेटर काढला, कमरेला बांधला आणि गोणी पुन्हा पाठीवर घेतली. मग कसलीही घाई न करता, एका लयीत वर चढत गेला.