नकाशावर भरवसा किती ठेवावा?

निकाहाच्या आमंत्रणासोबत हल्ली हॉलचे लोकेशनही येते. मुंबई-पुण्याहून गावी निघालेले कुटुंब मोबाइल समोर लावते आणि तो सांगेल तिकडे वळते. बहुतेक वेळा सुखरूप पोहोचतेही. पण २४ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशात बरेलीजवळ मोबाइलवरील नकाशाच्या आधाराने निघालेली मोटार रामगंगेवरील अपुऱ्या पुलावरून खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. गाडी कुठे आहे हे यंत्राला कळत होते. पुढे पूल नाही, हे नकाशाला ठाऊक नव्हते.

यंत्र घेण्यापूर्वी हाच फरक समजून घ्यायला हवा. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपली जागा कळते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. मोकळ्या आभाळाखाली साधा मोबाइलही साधारण पाच मीटरपर्यंत अचूक जागा सांगतो. घाटात कड्यांवर आदळून आलेल्या संदेशांमुळे ही चूक वाढते. कशेडीसारख्या बोगद्यात तर संदेश पोहोचतच नाही. नकाशा मात्र माणसांनी बनवलेला असतो. तो जुना असेल, तर महागडे यंत्रही जुनाच रस्ता दाखवणार.

मोटारीसाठी आम्हाला मोबाइल अधिक सोयीचा वाटतो. वाहतूक कुठे अडली आहे हे तो सांगतो आणि त्याचा नकाशा वरचेवर सुधारला जातो. मुंबई-गोवा महामार्गासारख्या कामे चालू असलेल्या रस्त्यावर हे महत्त्वाचे आहे. गाडीत बसवायच्या वेगळ्या यंत्रात नकाशा आतच साठवलेला असतो, त्यामुळे रेंज नसली तरी ते अडत नाही. पण त्याचा नकाशा आठवणीने अद्ययावत करावा लागतो. मोबाइलवरही प्रवासाच्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवता येतो. निघताना आणखी एक गोष्ट पाहावी: नकाशात दुचाकीचा पर्याय निवडलेला राहिला, तर मोटार जाऊ शकणार नाही अशा बोळातही तो नेऊन सोडतो.

डोंगरात गणित बदलते. कळसूबाई किंवा राजमाचीला निघालेल्या मुलांना चढ, कडा आणि ओढा दाखवणारा, समोच्च रेषांचा नकाशा हवा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. तिथे हातात धरायचे जीपीएस यंत्र उपयोगी पडते. त्याची बटणे ओल्या हातानेही चालतात आणि अनेक यंत्रांत साधे सेल बदलता येतात. फक्त मोबाइलच असेल, तर उतरवलेला नकाशा आणि पॉवर बँक सोबत हवीच. यंत्रावर दिसणारे सरळ रेषेतले अंतर पाहून वेळेचा अंदाज बांधू नये. एक किलोमीटरवर दिसणाऱ्या वाडीच्या मध्ये दरी असू शकते.

दोन गोष्टी घरात सर्वांना माहीत असाव्यात. पहिली: उपग्रहामार्फत मेसेज किंवा फोन करणारी उपकरणे भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. आखातातून येणाऱ्या मामूंना किंवा भाईजानना असे यंत्र भेट म्हणून आणायला सांगू नये. दुसरी: मदत मागताना ११२ वर जागेचे आकडे नीट सांगावेत. १८.५० अंश म्हणजे १८ अंश ५० मिनिटे नव्हे, तर १८ अंश ३० मिनिटे. एवढ्या गफलतीने शोधणारी माणसे सुमारे ३७ किलोमीटर दूर जाऊ शकतात.

पावसाळ्यात वरंध्यासारखा घाट बंद ठेवला जातो, पुलावरून पाणी जाते. म्हणून निघण्यापूर्वी गावी फोन करून रस्ता चालू आहे का, ते विचारावे. रात्री डांबर संपून कच्चा रस्ता लागला किंवा रस्त्यावर पाणी दिसले, तर यंत्र काहीही सांगो, गाडी थांबवावी आणि मागे फिरावे. घरची माणसे गाडीत असताना दहा मिनिटे वाचवणाऱ्या अनोळखी वाटेपेक्षा नेहमीचा लांबचा रस्ताच बरा.