उन्हावर बेतलेली बाग

शीव कोळीवाड्यात बाग करायची तर जमीन शोधू नये, ऊन शोधावं. गल्ल्या इतक्या अरुंद की शेजारणी आपापल्या उंबऱ्यात उभ्या राहून वाटी देतात-घेतात. त्यामुळे इथली बाग पत्र्यावर, जिन्याच्या कठड्यावर, नाहीतर मासळीच्या रिकाम्या थर्माकोलच्या खोक्यात. त्या खोक्यात शेवाळासारखं बुटकं, मातीला धरून पसरणारं आणि तरी झगझगीत फुलणारं झाड हमखास दिसतं: ऑफिस टाइम, म्हणजेच चिनी गुलाब.

खोकं आधी चांगलं खळखळून धुवायचं, मिठाचा अंश राहिला तर मुळं जळतात. तापवलेल्या सळईने तळाला भोकं पाडायची. निम्मी लाल माती, निम्मी रेती, मूठभर शेणखत. मुळं उथळ असतात, चार-पाच बोटं माती पुरते. मग बोटभर शेंडा खुडून खालची पानं काढायची, अर्धा दिवस सावलीत ठेवून चीर सुकू द्यायची आणि मातीत टोचायचा. आठवड्या-दहा दिवसांत तो मूळ धरतो.

पुढचं काम हात आवरण्याचं. शेजारच्या मावशींचा नियम एका ओळीचा: "पानी घालशील त कुजल, नाय घालशील त फुलल." मूळचं हे झाड अर्जेंटिना, उरुग्वे, दक्षिण ब्राझीलकडचं, मांसल पानांत पाणी साठवून राहणारं. आपली घोळ याच प्रजातीतली. ती खोक्यात आपोआप उगवते आणि उपटून डाळीत पडते. तिच्या पानांत प्रकाशसंश्लेषणाच्या दोन वेगळ्या पद्धती एकाच पेशीत चालतात, असं येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये दाखवलं. डाळीला त्याचं काय!

फूल नऊच्या सुमारास उघडतं, दुपारी मिटतं ते कायमचंच. दुसऱ्या दिवशी दुसरी कळी. आभाळ आलं तर उघडायचंही नाकारतं. उमललेल्या फुलाच्या मधोमध काडी हलकेच लावून पाहा, पुंकेसर सरकतात. सावलीत झाड मरत नाही, नुसतं लांबुडकं होतं आणि कळ्या धरत नाही. समोरच्या घरावर पोटमाळा चढला तेव्हा आमचं ऊन दीड हात सरकलं, हे आधी या झाडाने सांगितलं. खोकं जिन्याच्या वरच्या पायरीवर गेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याने अंग चोरावं.

पावसाआधी दोन कामं. पिकलेल्या बोंडाचं टोपण निघतं, आत राखाडी, वाळूहून बारीक बी; ते पुडीत बांधायचं. पेरताना वर माती लोटू नये, त्याला उजेड लागतो. दुहेरी पाकळ्यांचा रंग हुबेहूब हवा असेल तर मात्र कलमच करावं. चार शेंडे डब्यात लावून वळचणीला ठेवायचे, कारण खोक्यातलं बहुतेक जुलैत सडतं. पिठ्या ढेकूण दिसला तर ती फांदीच कापायची.

गणपती झाले की शेंडे पुन्हा गल्लीत फिरू लागतात. विकत कोणी घेत नाही. पिवळा द्यायचा, राणी रंग आणायचा. मावशी पांढरा मात्र कुणालाच देत नाहीत.